तारखेलाही भाषा असते

राजगड ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा झाला. पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे सत्तेचाळिसावे अधिवेशन भरले होते. तिथे मराठ्यांचे बारा किल्ले एकदम यादीत गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. वेल्हे तालुक्याचे नाव सरकारने राजगड केले, तरी भोरच्या एसटी स्टँडवर अजून वेल्हेच ऐकू येते. आता या तालुक्यात पाट्या लागतील, पुस्तिका निघतील, वेबसाइट उभ्या राहतील. त्या मराठी, हिंदी, इंग्रजीत असतील, उद्या कदाचित फ्रेंच आणि जर्मनमध्येही. त्यातला मजकूर कोणी भाषांतरकार दोनदा वाचेल, गडाच्या माच्यांची नावे कोणी जाणकार तपासेल. तारखेकडे मात्र कोणी बघणार नाही, कारण तारीख म्हणजे आकडे आणि आकड्यांना भाषा नसते असा आपला पक्का समज आहे.

हीच तारीख ११/७/२०२५ अशी लिहिली, तर राजगडाखालच्या गुंजवण्यातला माणूस ती ११ जुलै वाचतो आणि न्यू जर्सीत वाढलेला त्याचा भाचा ७ नोव्हेंबर. दोघेही मराठी, दोघेही आपापल्या शाळेत शिकले तसेच वाचतात आणि दोघांपैकी कोणाचेच चुकलेले नाही. चूक आहे ती तारीख नुसत्या आकड्यांत लिहून ती सगळ्यांना सारखीच कळेल असे मानणाऱ्याची. गडाखाली घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्याच्या पानावर ही चूक झाली, तर चार महिन्यांनी पाहुणा दारात उभा राहतो आणि आत भात टाकलेला नसतो. बाराच्या पुढचा दिवस असला की निदान शंका तरी येते. १ ते १२ मधल्या तारखा मात्र दोन्हीकडे खऱ्या वाटतात, आणि वर्षातल्या १३२ तारखा अशा फसव्या आहेत.

बहुभाषी वेबसाइटवर तारखेचा ढाचा भाषेगणिक वेगळा ठेवणे हे प्रोग्रामरच्या हौसेचे काम नाही, ते लेखनाचे काम आहे, असे माझे म्हणणे आहे. शुद्धलेखनाबद्दल आपण जितके हट्टी असतो, तितकेच इथे असायला हवे. आणि भोर-वेल्ह्यासारख्या मुलखात, जिथे प्रत्येक दगडाला एक मिती चिकटलेली आहे, तिथे तर थोडे जास्तच.

सध्या काय होते ते पाहा. वर्डप्रेसवर नवी वेबसाइट उभी केली की तारखेचा मूळ ढाचा अमेरिकन असतो. आधी महिना, मग दिवस, मग स्वल्पविराम, मग वर्ष. पुढे पानाची भाषा मराठी केली की महिन्याचे नाव मराठी होते, पण क्रम कोणी हाताने बदलला नाही तर तसाच राहतो. म्हणून ‘जुलै ११, २०२५’ असली मराठी आपल्याला जिकडे तिकडे दिसते. शब्द आपले, बोलणारा परका. पीएचपीच्या ढाच्यात दिवसाच्या आकड्याला इंग्रजी शेपूट लावणारे एक अक्षर असते. ते तसेच राहिले की मराठी महिन्याच्या अलीकडे रोमन लिपीतले ‘टीएच’ लटकते आणि पान मराठीत आहे यावर वाचकाचा विश्वास बसत नाही. ड्रुपलसारख्या प्रणालीत प्रत्येक भाषेला तारखेचा वेगळा ढाचा देण्याची सोय कधीचीच आहे. सोय आहे, पण ती उघडून बघणारा माणूस नाही.

खरे तर हे ज्ञान जगाने एका ठिकाणी जमवून ठेवले आहे. युनिकोड कन्सॉर्शियमच्या सीएलडीआर नावाच्या भांडारात शेकडो भाषांच्या तारखांचे ढाचे नोंदवलेले आहेत, आणि आपले फोन, ब्राउझर, संगणक तिथूनच उचलतात. त्यात मराठीसाठी दिवस-महिना-वर्ष हा क्रम आहे आणि आकडे देवनागरी. हिंदीलाही क्रम तोच, पण आकडे इंग्रजी. एकाच ब्राउझरकडे तीच तारीख दोन्ही भाषांत मागितली, की एकच लिपी असून दोन चेहरे दिसतात. शेजारच्या कन्नडला तिथे महिना आधी दिला आहे. थाई भाषेत तारीख मागितली तर २०२५ ऐवजी बौद्ध संवताचे २५६८ येते, फारसीत मागितली तर सगळी दिनदर्शिकाच बदलते. म्हणजे भाषेबरोबर क्रम, आकडे आणि प्रसंगी कालगणनाही येते, हे यंत्राला ठाऊक आहे. आपण त्याला विचारत नाही, एवढेच.

या भांडारातले मराठीचे सगळेच मला पटते असे नाही. महिना आणि वर्ष यांच्यामध्ये तिथे स्वल्पविराम आहे. सरकारी कागदांतही तो दिसतो, पण मराठी वाचताना तिथे कोणी थांबत नाही, आणि तो इंग्रजीच्या संगतीने आलेला असावा असा मला संशय आहे. ‘सप्टें’, ‘नोव्हें’, ‘ऑग’ ही आखडलेली रूपे तर मला अर्धवट खाल्लेल्या घासासारखी वाटतात. मोबाइलच्या पडद्यावर ‘सप्टेंबर’ मावत नाही असे नाही. जागा खरोखर कमी असेल तिथे आखडा, एरवी पूर्ण लिहा. हे भांडार सूचनांवर चालते आणि सूचना बाहेरूनही करता येतात. मराठी विद्यापीठीय मंडळींनी तिकडे कधी तरी ढुंकून बघावे.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते याच तालुक्यांतले आहे. कोणत्याही कार्यालयात एक्सेल उघडा आणि चौकटीत ७/१२ टाइप करा. एंटर मारताच सातबारा गायब होतो आणि तिथे ७ डिसेंबर किंवा १२ जुलै उगवते. कोणते, ते संगणकाची प्रादेशिक सेटिंग भारताची आहे की अमेरिकेची यावर ठरते. सर्व्हे नंबर १२ चा हिस्सा ३ लिहायला जा, १२ मार्च किंवा ३ डिसेंबर होतो. जमिनीच्या याद्या करणारे लोक म्हणूनच आधी अवतरणचिन्ह टाकायला किंवा चौकट मजकुराची करायला शिकतात. न शिकलेल्याच्या यादीत हिश्शांच्या जागी तारखा भरतात. हा त्रास आपल्याकडेच आहे असे नाही. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी लघुनावे मार्च-सप्टेंबरसारखी दिसत, एक्सेल त्यांच्या तारखा करी, आणि शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. आपण सातबाऱ्याचे नाव बदलणार नाही, हे उघड आहे. आणि नियतीचा विनोद असा, की वेल्हे तालुक्यातले पानशेत धरण फुटले ती १२ जुलै १९६१ ही तारीख अमेरिकन पद्धतीने लिहिली तर ७/१२ अशीच येते.

आता समोरून येणारा आक्षेप. इतक्या भानगडी कशाला, सगळ्या जगासाठी एकच ढाचा ठेवा. वर्ष-महिना-दिवस, आयएसओ ८६०१. १९८८ मध्ये ठरलेले हे प्रमाण निःसंदिग्ध आहे, ओळीने लावले की आपोआप काळाच्या क्रमाने लागते, आणि त्यात कोणाची बाजू घेतलेली नाही. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण त्याचा अर्धा भाग पूर्ण बरोबर आहे. साठवायची तारीख अशीच साठवावी. प्रश्न दाखवायचा आहे. मंत्रालयातून निघणारा कोणताही शासन निर्णय घ्या. वर ठळक अक्षरांत ‘दिनांक’ आणि पुढे मराठी महिन्याच्या नावासह तारीख असते. शेवटच्या परिच्छेदात लांबलचक संकेतांक असतो, आणि त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने असतात. तलाठी कार्यालयातला माणूस वरची तारीख वाचतो, सर्व्हर खालचा संकेतांक वाचतो. एकाच कागदावर दोघांची सोय आहे आणि कोणाचीही कुचंबणा नाही. मग वेबसाइटवरच माणसाने यंत्राची तारीख का वाचायची?

साठवणुकीतही एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. बहुतेक प्रणाली वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. आपली घड्याळे तिच्या साडेपाच तास पुढे. ११ जुलैची मध्यरात्र म्हणून नोंदलेली तारीख तिकडे १० जुलै संध्याकाळचे साडेसहा होते, आणि परत दाखवताना कोणी हिशेब विसरला की जन्मतारीख एक दिवस अलीकडे सरकते. घटनेला तास-मिनिटे नसतील तर तिला नुसता दिवस म्हणून साठवावे, वेळ म्हणून साठवूच नये. हा नियम इतका साधा आहे की तो कोणी सांगत नाही, आणि म्हणून तो रोज मोडला जातो.

इथवरचे सगळे कुठल्याही गावाला लागू पडते. भोरची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

भोरचे राजे पंतसचिव. सचिव म्हणजे अष्टप्रधानांतला सुरनीस, राजाच्या पत्रांचा मजकूर तपासून कमीजास्त अक्षर दुरुस्त करणे हे ज्याचे काम. राजारामांच्या काळात हे पद शंकराजी नारायणांकडे आले, त्यांच्या घराण्यात राहिले, आणि ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन होईपर्यंत या घराण्याने भोरवर राज्य केले. ज्या मुलखाचा धनीच मुळात कागद शुद्ध करणारा, त्याच्या कागदांतल्या तारखा आज संगणकावर चढवायच्या झाल्या तर काय दिसते? वर्ष बहुधा आकड्यांत नसतेच, अरबी संख्यांच्या शब्दांत असते. सीत खमसैन अलफ म्हणजे सहा, पन्नास आणि हजार, अर्थात १०५६. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. कोणता आकडा मिळवायचा ते महिन्यावर अवलंबून, कारण हे वर्ष सूर्य मृगात गेला की बदलते. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. वर्ष असे सूर्याचे, शेतकऱ्याचे, पण आतला महिना सफर नाही तर रबिलावल, म्हणजे चंद्राचा. त्याच्या अलीकडे ‘छ’ हे एकच अक्षर. दुसऱ्या कागदावर शालिवाहन शक आणि तिथी. १६७४ नंतरच्या कित्येक कागदांवर राज्याभिषेक शक. सुरतेच्या इंग्रजांचे पत्र असेल तर ज्युलियन तारीख, कारण इंग्रजांनी ती पद्धत १७५२ पर्यंत सोडली नाही. गोव्याच्या पोर्तुगीजांचे असेल तर ग्रेगोरियन, सतराव्या शतकात दहा दिवसांनी पुढे. त्यातही इंग्रजांचे नवे वर्ष तेव्हा २५ मार्चला लागे.

हे घोळ अभ्यासकांच्या कपाटात राहिले असते तर त्यांचे त्यांनी पाहिले असते. पण या मुलखातूनच एक असा कागद बाहेर आला, ज्याने साऱ्या महाराष्ट्राची एक तारीख बदलली. भोर तालुक्यातले कारी हे कान्होजी जेध्यांचे गाव. जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती, शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घटना मितीवार नोंदलेली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रकाशात आणली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे १६२७ चा, असे बहुतेक मानत. शकावलीने सांगितले शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. त्यावर वाद झाले, समित्या बसल्या, आणि २००१ मध्ये राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. तिथी मानणारे आजही फाल्गुन वद्य तृतीयेलाच जयंती करतात, आणि दोन्ही दिवशी गडावर ज्योत येते.

आता ही १९ फेब्रुवारी १६३० कोणत्याही चांगल्या बहुभाषी वेबसाइटच्या तारखेच्या खान्यात भरा आणि वारासकट मराठीत दाखव म्हणा. पान तत्परतेने लिहील, मंगळवार, १९ फेब्रुवारी १६३०. शकावली शुक्रवार म्हणते. कोण खरे? शकावली. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० आहे आणि १ मार्चला शुक्रवारच येतो. ब्राउझरला ज्युलियन गणनेचा पत्ताच नसतो. तो आजची ग्रेगोरियन रीत मागे मागे ताणत नेतो आणि शिवजन्माचा वार तीन दिवसांनी चुकवतो. जेध्यांच्या कारकुनाने नोंदलेला वार तीनशेहून अधिक वर्षे टिकला. आपल्या यंत्राने तो एका क्षणात पुसला, आणि पान तीन भाषांत असेल तर तिन्ही भाषांत पुसला. अक्षर देखणे, मांडणी नेटकी, वार चुकीचा.

यावर ‘१९ फेब्रुवारी काढा, १ मार्च लिहा’ असे म्हणणारे काही काटेकोर लोक आहेत. मला ते पटत नाही. लोकांना ठाऊक असलेली, सरकारने मानलेली तारीख वाचकासमोर राहावी. आत साठवताना मात्र १ मार्च ठेवावी, सोबत मूळ मिती जशी कागदावर आहे तशी, अक्षरशः, वेगळ्या खान्यात. म्हणजे वार शुक्रवार येईल, तारीख १९ येईल आणि शकावलीतली तिथी शकावलीतलीच राहील. तिथीवरून तारीख हिशेबाने काढता येते. नुसत्या तारखेवरून मूळ कागदात काय लिहिले होते ते मात्र परत मिळत नाही. स्वामिकन्नू पिळ्ळ्यांनी १९२२ मध्ये छापलेली जंत्री वापरून आपल्या इतिहासकारांनी आयुष्ये काढली. त्यांनी मूळ मिती आधी दिली आणि इसवी तारीख तिच्यामागून. तो क्रम संगणक आला म्हणून उलटण्याचे कारण नाही.

आणि तिथीला भाषा आहे, ती तर चांगलीच आहे. फाल्गुन वद्य तृतीया हिंदी पानावर ‘फाल्गुन कृष्ण तृतीया’ अशी भाषांतरित केली तर शब्द बरोबर आणि महिना चूक. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. म्हणून आपला फाल्गुनातला वद्य पक्ष त्यांच्या चैत्रात पडतो. हिंदी वाचकासाठी ती चैत्र कृष्ण तृतीया, विक्रम संवत १६८६. कन्नड वाचकासाठी पुन्हा फाल्गुनच, कारण त्यांचा महिना आपल्यासारखा. राजगड वारसा झाला त्याच दिवसाचे बघा. ११ जुलै २०२५ हा महाराष्ट्रात आषाढ वद्य प्रतिपदेचा दिवस, आदल्या दिवशीच गुरुपौर्णिमा झाली होती. उत्तरेत मात्र त्या दिवशी श्रावण सुरू झाला, कावडी निघाल्या. आपल्याकडे श्रावण यायला आणखी दोन आठवडे होते. भोरचा दुकानदार आषाढातला म्हणून लग्नाचा माल आत ठेवतो त्या दिवशी बनारसचा दुकानदार श्रावणाची आरास करतो.

आणखी एक गंमत सरकारी आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारताने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी तिची तारीख छापतात. त्या हिशेबाने ११ जुलै २०२५ म्हणजे आषाढ २०, शके १९४७. महिन्याचे नाव तेच, शक तोच, पण ही तिथी नव्हे. ही सौर दिनदर्शिका, तिच्यात वद्य-शुद्ध नाही, आषाढाला नेहमी ३१ दिवस. ब्राउझरमध्ये भारतीय दिनदर्शिका म्हणून जो पर्याय मिळतो तो हाच. एखादा उत्साही प्रोग्रामर ‘मराठी तिथी’ दाखवायला तो पर्याय लावतो, पानावर आषाढ येतो, शके १९४७ येते, सगळे खूश. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वीस आकडा कसा, हे विचारायला गावातली एखादी आजीच लागते. माझे मत स्पष्ट आहे. पंचांगाचा हिशेब करणारे खात्रीचे साधन हाताशी नसेल तर तिथी दाखवू नका. चुकीच्या तिथीपेक्षा नुसती तारीख बरी.

आकड्यांचा वाद उरला. घटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने केंद्राच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप ठरवले, म्हणजे हिंदीला इंग्रजी आकडे जोडले. महाराष्ट्राने आपल्या राजभाषा अधिनियमाने मराठीचा वापर ठरवला आणि आपले देवनागरी आकडे चालू राहिले. ते शाळेच्या पुस्तकांत आहेत, शासन निर्णयांत आहेत, एसटीच्या पाटीवर आहेत. देवनागरी आकड्यांविरुद्ध एक खरी अडचण सांगितली जाते. पानावर २०२५ देवनागरीत असेल आणि शोधणाऱ्याने इंग्रजी आकडे टाइप केले तर ब्राउझरचा शोध काही वेळा रिकामा परततो. अडचण खरी आहे, पण तिचा उपाय शोधयंत्राच्या बाजूने करायचा असतो, वाचकाच्या बाजूने नव्हे. मराठी वाक्यात मराठी आकडा वाचताना डोळा अडखळत नाही. भोरमधल्या कित्येक सत्तरीच्या माणसांना इंग्रजी आकडे येतात, पण मराठी वाक्यात ते आले की त्यांची नजर क्षणभर रेंगाळते. मराठी पानावर देवनागरी आकडे हवेतच. अर्ज भरताना मात्र मी हट्ट धरणार नाही. फोनच्या कळफलकावर जे आकडे सहज येतात ते टाकू द्यावेत आणि यंत्राने दोन्ही ओळखावेत.

अर्जाचे निघालेच आहे तर शाळेच्या दाखल्याची आठवण करून द्यायला हवी. त्यावर जन्मतारीख दोनदा असते, एकदा आकड्यांत आणि खाली ‘अक्षरी’. एक जून एकोणीसशे अडुसष्ट. मावळातल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस एक जून आहे, कारण गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख ठोकून दिली. ती थट्टा सर्वांना माहीत आहे. पण अक्षरी लिहिण्याची ती रीत थट्टेची नाही. ज्याने ती काढली त्याला दिवस कुठे आणि महिना कुठे याचा घोळ पुरता ठाऊक होता. धनादेशावरही दिवसाचे दोन, महिन्याचे दोन, वर्षाचे चार असे खाने पाडून ठेवले आहेत. वेबसाइटवरच्या अर्जात मात्र एकच लांब खाना असतो, आत फिकट अक्षरांत इंग्रजी ढाचा, तोही टाइप करायला लागताच नाहीसा होणारा. सेवा केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्यात ३ एप्रिल भरायची असते आणि पावतीवर ४ मार्च येते. मग दुरुस्तीचा अर्ज, त्याला पुन्हा तारीख. तीन वेगळे खाने ठेवा, महिना निवडायला मराठी नावांची यादी द्या, आणि भरल्यावर पूर्ण तारीख अक्षरी दाखवून ‘बरोबर आहे का’ विचारा. शंभर वर्षांपूर्वीच्या हेडमास्तरांनी जे केले तेवढेच करायचे आहे.

हे सगळे श्रीमंत शहरी संस्थांचे चोचले आहेत, खेड्यात वेबसाइट असली तरी पुष्कळ, असेही ऐकायला मिळते. उलट आहे. पुण्यातल्या मोठ्या कंपनीच्या पानावर तारीख चुकली तर ग्राहक फोन करतो. वेल्ह्याच्या डोंगरात पावसाळ्यात फोनची रेंज जाते, तिथे पानावर जे लिहिले तेच प्रमाण. भाताची लावणी चालू असताना कोणी घरी नसते. पाहुणा चुकीच्या दिवशी आला तर त्याचे नुकसान आणि घरमालकाचेही. गडाचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद असेल आणि सूचनेतली तारीख दोन प्रकारे वाचता येत असेल, तर घाटात अडकणारा माणूस भाषेवर निबंध लिहायला बसत नाही.

तेव्हा भोर-वेल्ह्यातल्या ग्रामपंचायतींनी, गडाखालच्या मुक्काम-व्यवस्था चालवणाऱ्यांनी, दुर्गप्रेमी संस्थांनी आणि देवस्थानांच्या विश्वस्तांनी आपापले पान एकदा फोनवर उघडून पाहावे. मराठीत दिवस आधी आणि महिना अक्षरांत आहे का, इंग्रजी पानावर महिना शब्दाने लिहिला आहे का, हिंदी पानावर तिथी दिली असेल तर महिना कोणता आला आहे, आणि १७५२ च्या आधीची तारीख असेल तर तिच्याशेजारचा वार कोठून आला. काही खटकले तर ज्याने पान बनवले त्याला फोन करावा. प्रत्येक भाषेचा ढाचा वेगळा ठरवायला अर्धा तास पुरतो, आणि त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत.